बनशंकरीच्या वाटेवर भेटलेली पुस्तके

बंगळूरला निघालेल्या मराठी कुटुंबाची यादी ठरलेली असते. लालबाग, विधानसौध, नंदीचे देऊळ, म्हैसूर सिल्कची दोन दुकाने. बनशंकरी या यादीत सहसा नसते. असलीच तर ती घरातल्या एखाद्या आजीच्या आग्रहामुळे. कारण बनशंकरी ही महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. तिचे मूळ ठाणे बदामीजवळ चोळचगुड्ड येथे. चालुक्यांनी पूजलेली, शाकंभरी म्हणूनही ओळखली जाणारी ही देवी. पौष पौर्णिमेला तिची मोठी जत्रा भरते, नाटक कंपन्यांचे तंबू पडतात, ज्वारीच्या भाकरीच्या राशी लागतात. तिथले आजचे देऊळ १७५० मध्ये परशुराम आगळे या मराठा सरदाराने नव्याने उभे केले. पण बदामी वाटेवर पडत नाही, म्हाताऱ्या माणसाला एवढा प्रवास झेपत नाही. मग बंगळूरला मुलाकडे आलेली आजी म्हणते, "इथेही देवी आहे म्हणे, तिथे तरी न्या रे." आणि सगळे घर कनकपुरा रस्त्याला लागते.

हे बंगळूरचे बनशंकरी अम्माचे देऊळ तसे जुने नाही. १९१५ मध्ये सोमण्णा शेट्टी नावाच्या भक्ताने ते बांधले. बदामीची देवी आपल्या गावात असावी एवढीच त्याची इच्छा. तेव्हा हा सगळा भाग शहराबाहेर होता. पुढे शहर दक्षिणेकडे पसरत गेले, नगर सुधारणेच्या योजना आल्या, प्लॉट पडले आणि देवीच्या नावाची एक अफाट वस्ती तयार झाली. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, तिसरा टप्पा असे पत्ते सांगितले जातात आणि नवखा माणूस हमखास चुकतो. जून २०१७ पासून मेट्रोची हिरवी लाईन इथून धावते. स्टेशनचे नावच बनशंकरी, आणि देऊळ अगदी लागून.

मंगळवार, शुक्रवार आणि रविवार हे इथले गर्दीचे दिवस. तीही राहुकाळात. एरवी राहुकाळ म्हटला की माणूस घराबाहेर पाऊल टाकायला बिचकतो, महत्त्वाची कागदपत्रेसुद्धा पुढे ढकलतो. इथे मात्र नेमकी तीच वेळ पूजेची. मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार, शुक्रवारी सकाळी साडेदहा ते बारा, रविवारी संध्याकाळी साडेचार ते सहा. बायका लिंबू अर्धे कापतात, रस पिळून काढतात, साल उलटी करून तिची वाटी करतात, त्यात तूप किंवा तेल घालून वात लावतात. असे शेकडो पिवळे दिवे एका वेळी तेवत असतात. ज्याच्या घरी काही बिनसले आहे तो इथे येतो. कुणाचे लग्न जमत नाही, कुणाचे मूल आजारी आहे, कुणाचा नवरा बोलत नाही. शेजारी बसून दिवा लावणाऱ्या दोन अनोळखी बायका एकमेकींना काही विचारत नाहीत, पण दोघींनाही ठाऊक असते की समोरची उगाच आलेली नाही.

पुस्तके वाचणाऱ्या मराठी माणसाला या गर्दीत उभे राहिल्यावर एक चमत्कारिक अनुभव येतो. या बायका त्याला ओळखीच्या वाटतात. भाषा कळत नाही, तरी. ही ठसठशीत कुंकवाची, काठाच्या साडीतली, ओठ घट्ट मिटलेली बाई आपण कुठे पाहिली आहे? आणि मग लक्षात येते की पाहिलेली नाही, वाचलेली आहे.

मराठी घरांत कन्नड पुस्तके ज्या वाटेने आली ती वाट एका घरातून जाते, हे वाचकांपैकी पुष्कळांना माहीत असेल. बेळगावच्या माहेरवाशीण आणि पुण्याच्या झालेल्या उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा, शिवराम कारंत, गिरीश कार्नाड यांना मराठीत आणले. त्यांची काम करण्याची रीत मोठी घरगुती. पती विरूपाक्ष कुलकर्णी यांनी मूळ कन्नड वाचून दाखवायचे आणि उमाताईंनी ते ऐकून मराठीत उतरवायचे. म्हणजे आपण जे मराठीत वाचतो ते आधी कुणीतरी एका घरात मोठ्याने वाचलेले असते. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'पर्व' आले, 'मंद्र' आले आणि गावोगावच्या वाचनालयांत भैरप्पांच्या नावाची कपाटे तयार झाली. ही पुस्तके दुपारी, भांडी आवरल्यावर वाचली गेली. पाने दुमडलेली, कुठे चहाचा डाग, कुठे पेन्सिलीची रेघ. परत करताना ग्रंथपालाला 'दुसरा भाग आला का हो?' असे विचारले गेले.

या पुस्तकांपैकी ज्यांनी वाचणाऱ्याला खरोखर रडवले, त्यांची मुळे शोधायची तर बनशंकरीहून पश्चिमेकडे, तिपटूर आणि चन्नरायपट्टणच्या मुलखात जावे लागेल. भैरप्पांचे जन्मगाव संतेशिवर तिथले. 'गृहभंग' ही १९७० ची कादंबरी त्याच मातीतली. नंजम्मा ही तिची नायिका. नवरा चन्निगराय नावाला गावचा शानभोग, म्हणजे आपला कुलकर्णी, पण खाण्यापलीकडे त्याला कशात गती नाही. सासू तोंडाची अशी की शिवी दिल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. वतन राहावे म्हणून दप्तर नंजम्मा लिहिते, सही नवऱ्याची. पोटासाठी पळसाची पाने गोळा करून पत्रावळी लावते. तीन मुले वाढवते. मग प्लेग येतो आणि लग्न झालेली मुलगी आणि मोठा मुलगा तिच्या डोळ्यांदेखत जातात. काही काळाने तीही त्याच रोगाने जाते. उरतो धाकटा विश्व.

ही गोष्ट एवढ्या शब्दांत सांगितली तर अश्रूंचा पाट वाहवणारे एखादे मेलोड्रामाचे पुस्तक असावे असे वाटेल. प्रत्यक्षात उलट आहे. भैरप्पा कुठेही गळा काढत नाहीत. माणूस मेला की पुढच्या ओळीत लाकडांची सोय कशी झाली ते सांगतात. गाव सोडून रानात झोपड्या कशा बांधल्या, कोण आले, कोण आले नाही, स्वयंपाक कुणी केला. वाचणारा रडण्यासाठी जागा शोधतो आणि लेखक त्याला ती देत नाही. म्हणून ते रडे आत साचते आणि भलत्याच ठिकाणी फुटते. पुष्कळांचे ते मृत्यूच्या प्रसंगी फुटत नाही, पत्रावळींच्या हिशेबापाशी फुटते. शंभर पत्रावळींचे किती, हजारांचे किती, आणि त्यातून घराच्या भिंती किती उभ्या राहतील, हे एक बाई मनाशी मोजते आहे, आणि पुढे काय होणार याचा वाचणाऱ्याला अंदाज आलेला आहे.

मराठी वाचकाला इथे 'श्यामची आई' आठवल्यावाचून राहत नाही. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिथेही दारिद्र्य आहे, कर्ज आहे, आईचा मृत्यू आहे. पण श्यामच्या आईभोवती लेकाच्या भक्तीचा मंद प्रकाश आहे. नंजम्माभोवती तसा काही नाही. तिला राग येतो, ती कंटाळते, हिशेबात चोख राहते, कधी कठोर होते. आपल्या आयांशी ती जास्त जुळते, असे म्हटले तर श्यामवर अन्याय होईल का? होऊ नये. दोन लेकांनी दोन प्रकारे आई सांगितली, एवढेच.

कारण नंजम्मा कुणाची आई आहे हे पुढे भैरप्पांनीच सांगितले. 'भित्ती' हे त्यांचे आत्मचरित्र १९९६ मध्ये आले. मराठीत ते उमाताईंनी 'माझं नाव भैरप्पा' या नावाने आणले. ज्यांनी 'गृहभंग' आधी वाचली होती त्यांना हे पुस्तक वाचताना धक्के बसतात. कादंबरी म्हणून ज्यावर विश्वास ठेवायला मन तयार नव्हते, ते खरेच घडलेले होते. प्लेगने आई गेली, भावंडे गेली. धाकट्या भावाचे प्रेत खांद्यावर टाकून कोवळ्या वयाच्या मुलाने स्मशानात नेले. शिकण्यासाठी मिळेल ते काम केले. मध्येच शाळा सोडून भटकंती केली, मुंबईला येऊन रेल्वे स्टेशनवर हमाली केली, साधूंच्या टोळीबरोबर काही महिने हिंडले आणि पुन्हा म्हैसूरला येऊन पुस्तके उघडली. मुंबईच्या वाचकाला हे पान वाचून काय वाटत असेल? ज्या फलाटावरून रोजची गाडी पकडायची, तशाच एखाद्या फलाटावर कधीतरी एका हडकुळ्या पोराच्या डोक्यावर कुणीतरी ट्रंक ठेवली होती, आणि पुढे त्या पोराने 'पर्व' लिहिले.

भैरप्पा म्हैसूरचे झाले. तरी अखेरचा श्वास त्यांनी बंगळूरातच घेतला. २४ सप्टेंबर २०२५ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या किती घरांत कपाटातून 'वंशवृक्ष' किंवा 'पर्व' काढून उगाच चाळले गेले असेल.

प्लेगचे आणि दक्षिण बंगळूरचे नाते मात्र आणखी जुने आहे, आणि ते पायांखाली आहे. पुण्यात १८९७ मध्ये प्लेगने काय केले हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. रँड आणि चापेकर ही नावे शाळेपासून ठाऊक असतात. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, प्लेग बंगळूरात शिरला. जुन्या पेठेतल्या चिंचोळ्या गल्ल्यांत माणसे मेली. तेव्हा दाटी मोडून मोकळ्या, रुंद, आखीव रस्त्यांच्या वस्त्यांकडे लोक वळले. उत्तरेला मल्लेश्वरम आणि दक्षिणेला बसवनगुडी या त्या वस्त्या. बनशंकरीहून शहराकडे निघाले की हीच बसवनगुडी लागते. दोन्ही बाजूंना झाडांची कमान, जुन्या बंगल्यांच्या ओसऱ्या, दारात रांगोळी, कोपऱ्यावर फिल्टर कॉफीचा वास. किती निवांत म्हणून प्रवासी खूश होतो. हा निवांतपणा एका साथीच्या भीतीतून आखला गेला आहे, हे 'गृहभंग' वाचून आलेल्याच्या मनातून जात नाही. शहरातल्या लोकांना प्लेगनंतर नवे रस्ते मिळाले. नंजम्माच्या गावाला रानातल्या झोपड्या मिळाल्या.

बनशंकरीच्या दुसऱ्या टप्प्यात मोनोटाइप नावाचा एक बसथांबा आहे. खिळे जुळवणाऱ्या छापखान्याच्या यंत्राचे हे नाव बसचा कंडक्टर दिवसातून किती वेळा पुकारतो! याच दुसऱ्या टप्प्यात 'सुचित्रा' ही १९७१ मध्ये सुरू झालेली फिल्म सोसायटी आहे, तिचे स्वतःचे प्रेक्षागृह आहे. कन्नड साहित्य आणि कन्नड सिनेमा यांचे सख्य किती जवळचे, हे या भागात समजते. ज्या वर्षी ही सोसायटी निघाली त्याच सुमारास 'वंशवृक्ष'वर चित्रपट झाला. बी. व्ही. कारंत आणि गिरीश कार्नाड या दोघांनी मिळून तो दिग्दर्शित केला आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

'वंशवृक्ष'ची कात्यायनी मराठी वाचकाला विसरता येत नाही. नंजनगूडच्या श्रोत्रींची सून. कपिला नदीच्या पुरात नवरा वाहून जातो, मांडीवर तान्हा मुलगा. सासरे श्रीनिवास श्रोत्री ऋषितुल्य माणूस. सुनेला म्हैसूरच्या कॉलेजात पाठवतात. तिथे तिला एक प्राध्यापक भेटतो, ती त्याच्याशी लग्न करते. मग मुलाला न्यायला येते. कुणी तिला अडवत नाही, कुणी ओरडत नाही. निर्णय तिच्यावर सोडला जातो. झोपलेल्या मुलाकडे पाहते आणि ती रिकाम्या हातांनी परत जाते. पुढे गर्भ राहतो, टिकत नाही. पुन्हा राहतो, पुन्हा नाही. आणि एके दिवशी तोच मुलगा तरुण होऊन तिच्याच वर्गात विद्यार्थी म्हणून येऊन बसतो.

या कादंबरीवरून मराठी घरांत भांडणे होऊ शकतात. सासूला श्रोत्री पटतात, सुनेला कात्यायनी. भैरप्पांनी तिला पुन्हा लग्न करू दिले पण सुख दिले नाही, जणू शिक्षाच केली, असा राग अनेक वाचकांच्या मनात राहतो आणि तो गैर नाही. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ मध्ये आले. तिथेही विधवेचा पुनर्विवाह आहे, १८९३ सालचा, पुण्यातला. लोकांनी टाकले, गावाने टाकले. पण बाया हे सगळे इतक्या मोकळ्या, रांगड्या भाषेत सांगतात की वाचताना हसू आणि रडू एकदम येते. संसार झाला, मुले झाली. 'माझे पुराण' वाचलेल्या बाईने 'वंशवृक्ष' हाती घेतले तर ती विचारणारच, कात्यायनीलाच हे का नाकारले?

याचे उत्तर भैरप्पांनी दिले नाही. पण चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एकाच्या घरी ते होते, असे पुढे उघड झाले.

गिरीश कार्नाड यांचे घर अनेक वर्षे जे. पी. नगरात होते. मेट्रोने बनशंकरीच्या पुढचेच स्टेशन. कार्नाड जन्माने महाराष्ट्रातले, माथेरानचे, १९ मे १९३८. सुरुवातीचे शिक्षण मराठीत. त्यांचे आत्मचरित्र कन्नडमध्ये २०११ मध्ये आले आणि मराठीत 'खेळता खेळता आयुष्य' या नावाने. अनुवाद पुन्हा उमाताईंचाच. त्यांच्या आई कृष्णाबाई तरुण वयात विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा. परिचारिकेचे शिक्षण घेताना डॉ. रघुनाथ कार्नाड यांची ओळख झाली. लग्न करायचे दोघांनी ठरवले, पण विधवेशी लग्न म्हणजे त्या काळी काय होते! वर्षांमागून वर्षे थांबावे लागले. शेवटी आर्य समाजाच्या आधाराने लग्न झाले. त्यानंतरच्या चार मुलांत गिरीश तिसरे.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. धारवाडचे घर, १९७३ साल. मुलगा नाव मिळवून आलेला, जेवणाचे ताट पुढे. आई कौतुकाने पाहते आणि सहज बोलून जाते की हा आपल्याला नकोच होता. खोदून विचारल्यावर कळते ते असे. हे मूल पोटात असताना ती पुण्याला डॉ. मधुमालती गुणे यांच्या दवाखान्यात गेली होती. मूल नको म्हणून. डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या नाहीत. वाट पाहिली, पाहिली आणि मंडळी उठून घरी परतली. पुन्हा गेली नाहीत. झाले. कार्नाडांनी आपले आत्मचरित्र डॉ. मधुमालती गुणे यांच्या स्मृतीला अर्पण केले आहे.

हे वाचून प्रत्येकाला वेगळे काही सुचते. कुणी म्हणेल, केवढे दैव. कुणाला कार्नाडांचा खट्याळपणा भावेल. न येऊन उपकार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना अर्पणपत्रिका! ज्या बाया स्वतः कधी अशा बाकावर बसल्या असतील त्यांना मात्र आठवण राहते ती आईची. तेवढा वेळ ती काय विचार करीत बसली असेल? आणि इतक्या वर्षांनी जेवताना इतक्या सहज ते कसे सांगू शकली? 'नकोच होता' हे वाक्य ती दुःखाने बोलत नाही. ज्या बाईने नातेवाइकांची तोंडे वर्षानुवर्षे सोसली, तिच्या लेखी ही एक गंमतीची आठवण झाली होती. कात्यायनीचा चित्रपट करणारा मुलगा अशा आईचा होता. चित्रपट आधी झाला, आई बोलली नंतर. कादंबरीतल्या विधवेने लग्न केले आणि मूल गमावले. घरातल्या विधवेने लग्न केले म्हणून तर हा कॅमेऱ्यामागे उभा राहिला. ही दोन पुस्तके एकामागून एक वाचावीत, याच क्रमाने, असे सांगावेसे वाटते. कार्नाड १० जून २०१९ रोजी बंगळूरातच गेले.

तिसरी एक बाई या ओळीत बसवायला हवी. एम. के. इंदिरा यांची 'फणियम्मा', १९७६ ची. इंदिरांच्या नात्यातल्या एका बालविधवेची ही खरी हकीकत. लग्न म्हणजे काय हे कळण्याआधी विधवा झालेली, शंभरीपलीकडे जगलेली, दुसऱ्यांची बाळंतपणे करण्यात आणि घरे सावरण्यात आयुष्य घालवलेली. ती बंड करीत नाही. पण म्हातारपणी घरातल्या एका तरुण विधवेवर केशवपनाची पाळी येते तेव्हा ती त्या मुलीच्या बाजूने उभी राहते. प्रेमा कारंत यांनी १९८३ मध्ये यावर चित्रपट केला. भैरप्पा पुष्कळ पानांत जे साधतात ते इंदिराबाई थोड्या पानांत साधतात, हे मान्य करायला हरकत नाही.

शेजारच्या जयनगरातल्या सुधा मूर्तींची छोटी छोटी आठवणवजा पुस्तके, लीना सोहोनी यांच्या मराठीत, घरोघरी गेली आहेत. 'वाइज अँड अदरवाइज' शाळकरी मुलींपासून आजोबांपर्यंत सगळे वाचतात. त्यांचे काम वेगळे. ती चटकन डोळे ओले करतात आणि चटकन पुसतातही. प्रवासात सोबत न्यायला चांगली.

बनशंकरीहून रिक्षा करून बुल टेंपल रस्त्याने शहराकडे निघाले की एन. आर. कॉलनीत एक पाटी दिसते आणि मराठी माणूस चपापतो. गोखले सार्वजनिक विचार संस्था. होय, आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखलेच. ते १९१५ मध्ये गेले. बनशंकरीचे देऊळ बांधले गेले तेही वर्ष तेच. त्यांच्या नावाने ही संस्था १९४५ मध्ये काढली ती डी. व्ही. गुंडप्पा यांनी. कन्नड माणूस त्यांना डीव्हीजी म्हणतो, आणि म्हणताना आवाज खाली आणतो. पत्रकार, कवी, विचारवंत. त्यांच्या 'ज्ञापक चित्रशाळे'चे आठ भाग म्हणजे पाहिलेल्या माणसांच्या आठवणी. वैदिक, दिवाण, गवई, कलावंतिणी, शाळामास्तर, सगळे एकाच ओसरीवर बसवलेले. स्वतःविषयी त्यात कमीच. १९७० मध्ये लोकांनी सत्कार करून त्यांना एक लाख रुपये दिले, ते त्यांनी सरळ या संस्थेला देऊन टाकले. त्यांच्या पत्नी भागीरथम्मा यांची एक आठवण इकडे सांगितली जाते. नात्यातल्या समारंभाला त्या गेल्या नाहीत. का, तर नेसण्याजोगे धड लुगडे नव्हते. फाटक्या लुगड्यात गेले तर लोक माझ्या नवऱ्याला नावे ठेवतील, घराची अब्रू राखणे माझ्याकडे आहे, असे त्यांचे म्हणणे. अशा घरातल्या माणसाने पुढे लाख रुपयांना हात लावला नाही, याचे आश्चर्य वाटत नाही. वाटते ते एवढेच की त्या लुगड्याची गोष्ट भागीरथम्मांनी स्वतः लिहिली असती तर ती कशी लिहिली असती? आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि रेव्हरंड टिळकांचे सगळे औदार्य घरात कितीला पडले तेही हसत हसत सांगून टाकले. असे दान प्रत्येक भाषेला मिळत नाही.

गवीपूरम जवळच आहे. गवी गंगाधरेश्वराच्या गुहेत मकरसंक्रांतीला मावळतीचे ऊन नंदीच्या शिंगांमधून आत पिंडीवर पडते, ते पाहायला लोटालोट होते. त्याच वस्तीत मास्ती व्यंकटेश अय्यंगार राहत. 'चिक्कवीर राजेंद्र' या कादंबरीसाठी १९८३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. कोडगूच्या शेवटच्या राजाची ही कथा. १८३४ मध्ये इंग्रजांनी त्याला गादीवरून काढले, काशीला ठेवले, तिथून तो लंडनला गेला आणि तिथेच मेला. राजा दुष्ट आहे, व्यसनी आहे, त्याच्यासाठी रडू येत नाही. रडू येते ते त्याच्या राणीसाठी, गौरम्मासाठी, जी शेवटपर्यंत त्या माणसातला माणूस शोधत राहते. मास्तींचा जन्म ६ जून १८९१ चा आणि मृत्यू ६ जून १९८६ चा. वाढदिवसालाच गेले.

आणि खुद्द बनशंकरीत राष्ट्रकवी जी. एस. शिवरुद्रप्पा राहत होते. २०१३ च्या डिसेंबरात ते तिथल्याच घरी गेले. एवढे लेखक एवढ्याशा परिसरात! त्याचे कारण साधे आहे. कॉलेजांतल्या नोकऱ्या, परवडणारी घरे, चालत जाता येईल असा बाजार आणि संध्याकाळी बोलायला माणसे. आता घरांच्या जागी मजल्यांवर मजले चढत आहेत आणि लेखकाला इथे नवे घर घेणे परवडेल असे वाटत नाही.

फेरी संपते ती गांधी बाजारात. मेट्रोने आलेल्यांनी नॅशनल कॉलेज स्टेशनला उतरावे. फुलांच्या पुड्या, केळीची पाने, विड्याची पाने, भाज्यांचे ढीग आणि मधोमध 'अंकित पुस्तक' हे कन्नड पुस्तकांचे दुकान. लिपी वाचता येत नसली तरी आत जावे. मुखपृष्ठांवरचे चेहरे ओळखू येतात. भैरप्पा, कार्नाड, मास्ती. आपल्याकडच्या कपाटातले पुस्तक त्याच्या मूळ वेषात पाहणे म्हणजे सुनेच्या माहेरी पहिल्यांदा जाण्यासारखे असते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी या भागात शेंगांची जत्रा भरते. त्या दिवसांत आलात तर रस्ताभर शेंगांच्या राशी.

भूक लागलीच तर बाजारातच 'विद्यार्थी भवन' आहे, १९४३ पासूनचे. भिंतींवर कन्नड लेखकांची चित्रे आणि वेटरच्या एका हातावर चळतीने रचलेल्या दोशाच्या बशा. रांगेत उभे राहावे लागते. फक्त शुक्रवारी ते बंद असते. तेव्हा राहुकाळात देवीला लिंबाचा दिवा लावून मग दोसा खायचा बेत असेल तर मंगळवार धरावा. दिवा साडेचारपर्यंत आटोपतो.